वर्तककाकांचं नाक

वर्तककाकांनी मला सांगितलेली पहिली ओळ होती, "साखर नाही." दुसरी होती, "व्हॅनिला नाही." तिसरी, "घाई नाही." मी तिन्ही वहीत लिहून घेतल्या आणि चौथीची वाट पाहत बसले, तर काका डोळे मिटून गप्प. पाचेक मिनिटांनी मी विचारलं, की अहो, पण यात आहे तरी काय? त्यावर ते डोळे न उघडताच म्हणाले, "मास्तरीणबाई, काय नाही ते संपल्याशिवाय काय आहे ते कसं कळणार?"

हे सगळं तंबाखूबद्दल चाललं होतं, आणि मी जन्मात तंबाखूला हात लावलेला नव्हता. तंबाखू म्हटलं की मला एसटी स्टँडवरचे रंगलेले कोपरे आठवत. पण नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वर्तकांचा दरवाजा आमच्या दरवाज्यासमोर, आणि वर्तककाकांचं अक्षर असं, की रविवारी लिहिलेलं सोमवारी त्यांचं त्यांनाच लागत नसे. मी शाळेत मराठी शिकवायची. त्यामुळे विमलकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एके दिवशी वही आणून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "तुम्ही लिहा बाई. रविवारी गच्चीवर बसतात त्या दोन तासांत ते कुणाशी भांडणार नाहीत, एवढं बघा." त्यानंतर बारा वर्षं मी दर रविवारी लिहीत होते. दुसरी गोष्ट मात्र मला साधली नाही.

दर रविवारी सकाळी नऊला आमच्या गच्चीवर पाचसहा पाइप ओढणारी मंडळी जमत. सगळे साठीच्या पुढचे. कुणाचा मुलगा परदेशातून डबा पाठवी, कुणाचा जावई येताना पाकीट आणी. प्रत्येकाने आपल्या तंबाखूचं कौतुक करायचं आणि शेवटी वर्तककाकांनी निकाल द्यायचा. निकालाचे शब्द तीन: "बरा", "ठीक" आणि "परत आणा". "परत आणा" ही सर्वोच्च पदवी, बारा वर्षांत ती मी बोटांवर मोजण्याइतक्या वेळा लिहिली. एका गृहस्थांनी खास लंडनहून मागवलेला, मखमलीच्या पिशवीतला डबा आणला होता. त्यांना "बरा" मिळाला. ते बिचारे पुन्हा आले नाहीत. काका म्हणाले, पिशवी चांगली होती.

काकांची चाळीस वर्षं रविवार पेठेतल्या एका चहाच्या पेढीवर गेली होती. चहा चाखणं हाच त्यांचा धंदा. चहा चाखणारा माणूस चहा पीत नाही. तो चमच्यातून फुर्रकन ओढतो, तोंडभर फिरवतो आणि थुंकून टाकतो. हे काका नातेवाइकांच्या घरीही करत, थुंकणं तेवढं वगळून. त्यामुळे त्यांच्यापुढे चहा ठेवायला सुना एकमेकींना पुढे करत. एकदा कोपऱ्यावरच्या अमृततुल्यवाल्याला त्यांनी सांगितलं, की तुमची वेलची गेल्या वर्षीची आहे. तो म्हणाला, "प्यायचा तर प्या, तपासणी महापालिकेत." दुसऱ्या दिवशी काका घरून चार ताज्या वेलच्या पुडीत बांधून घेऊन गेले आणि त्याच्या गल्ल्यावर ठेवून परत आले. आठवड्याभरात त्याने वेलची बदलली. चहा मात्र काकांनी तिथे पुन्हा घेतला नाही, कारण त्यांच्या मते आता आलं जास्त झालं होतं.

पेढीवर एकदा धुरावर वाळवलेल्या चिनी चहाचा नमुना आला होता. तो हुंगताना कुणीतरी काकांना म्हणालं, की अगदी इंग्लिश पाइपच्या तंबाखूसारखा वास आहे. काकांना ते तपासून पाहिल्याशिवाय चैन पडेना. तिथून हे सुरू झालं. इंग्लिश पद्धतीचा तंबाखू म्हणजे वरून गोड सुगंध न फासलेला, नुसत्या पानांचा. आणि त्यात लटाकिया नावाचं एक काळं पान. हे पान काढल्यावर लाकडं आणि रानटी झुडपं जाळून त्यांच्या धुरात कित्येक आठवडे टांगून ठेवतात. मला विचाराल तर त्याला चुलीपाशी वाळत घातलेल्या घोंगडीचा वास येतो. काकांना हे पटलं होतं. "घोंगडी बरोबर आहे," ते म्हणाले, "पण कोणत्या लाकडाची चूल, ते सांगा."

परीक्षेची पद्धत पेढीवरचीच. पांढऱ्या बश्या, त्यात चिमूटभर तंबाखू, वर पालथी वाटी, दहा मिनिटं. त्याआधी काकांनी दोन घास मऊ भात खाल्लेला असे, बिनमिठाचा, बिनतुपाचा, तोंड कोरं करायला. वाटीची कड उचलून एकदा हुंगायचं, मान फिरवून नदीकडे बघायचं, मग दुसऱ्यांदा हुंगायचं. तिसऱ्यांदा कधीच नाही. तिसऱ्यांदा नाक लाडात येतं, असं त्यांचं म्हणणं. मग पाइप भरून तीन झुरके आणि मग निकाल. रविवारी दुपारी बारापर्यंत वर्तकांच्या घरात उदबत्ती लागत नसे. विमलकाकू नुसत्या निरांजनावर पूजा उरकत आणि देवांना सांगत, की आज तुमची सुट्टी. मी एकदा मोगऱ्याचा गजरा माळून गच्चीवर गेले, तर माझ्याकडे न बघताच हुकूम झाला, की तो गजरा पाण्याच्या टाकीपलीकडे ठेवून या.

मंडळींत एक कर्नल होते. खडकीला राहत, रिक्षाने येत, रुमालाची घडी कधी मोडलेली नसे. त्यांना प्रत्येक तंबाखू उत्तम लागे, तोही पहिल्या झुरक्याला. "एक्सलंट" म्हणून ते मोकळे. काका त्यांना म्हणत, "कर्नल, आपण पदकं देता. मी परीक्षा घेतो." कर्नल हसत, पण तेवढंच. त्यांना हा सगळा भात-वाटी-बशीचा खटाटोप फाजील वाटे आणि ते तसं बोलूनही दाखवत.

मग साथीचं दुसरं वर्ष आलं. काका-काकू दोघंही आजारी पडले. काकू आठवड्यात उठल्या, काकांचा ताप लांबला. ताप उतरला त्या दिवशी ते खुर्चीत बसले, आपला आवडता डबा मागवला, झाकण उघडून नाक आत घातलं, डबा बंद केला, पुन्हा उघडला. मग काकूंना विचारलं, "यातला तंबाखू काढून दुसरा काही भरला का?" काकू त्या डब्याला आयुष्यात कधी चिमट्यानेसुद्धा शिवल्या नव्हत्या. त्यांना जे कळायचं ते कळलं, आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यांची मुलगी मेधा नाशिकला डॉक्टर आहे. ती म्हणाली, वास येईल परत, कधी ते सांगता येत नाही. पण फुप्फुसं बघता पाइप आता कायमचा बंद. काकांनी वाद घातला नाही. सगळे पाइप साफ करून, पुसून, कपाटात ठेवून दिले. यानेच मी जास्त घाबरले, कारण वाद न घालणारे वर्तककाका मी कधी पाहिलेच नव्हते.

गच्चीवर पुन्हा जमणं सुरू झालं तेव्हा काका आले, नेहमीच्या खुर्चीत बसले, वाटी उचलून दोनदा हुंगलं आणि मला म्हणाले, "लिहा. मत नाही." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्यांना खोटं काही ठोकून देता आलं असतं. दहा वर्षांची पत होती, कुणी शंका घेतली नसती. पण पान भरून "मत नाही, मत नाही" असं माझ्याच अक्षरात दिसू लागलं. शेवटी मंडळींनी कर्नलना निकाल द्यायला सांगितलं. मी दर रविवारी "एक्सलंट" लिहू लागले. काका येत, कठड्याशी उभे राहत आणि सगळ्यांच्या आधी खाली उतरत.

मेधाने वासाचा व्यायाम सांगितला होता. रोज सकाळी डोळे मिटून ओळखीचे वास हुंगायचे. काकू मिसळणाचा डबा घेऊन समोर बसत आणि एकेक वाटी नाकाखाली धरत. दोन महिन्यांनी एके सकाळी काकांनी सातच्या सात ओळखले. मोहरी, जिरं, हळद, हिंग, मेथी, तिखट, धने. काकू आनंदाने मला बोलवायला आल्या. मी गेले, काकूंनी काकांना ते माझ्यादेखत पुन्हा करायला लावलं. काकांनी पुन्हा सात ओळखले. मग काकूंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी हिंगाची वाटी आत नेऊन रिकामी केली, धुतली, पुसली, पुन्हा मोहरीपासून सुरुवात केली आणि चौथ्या पाळीला ती तशीच समोर धरली. काका ठामपणे म्हणाले, "हिंग."

तीस वर्षं त्या डब्यात वाट्यांची जागा बदललेली नव्हती, आणि काकांना तो क्रम पाठ होता. काकूंचा हातही कायम त्याच क्रमाने फिरणारा. काकांनी डोळे उघडले, रिकामी वाटी पाहिली आणि कान लाल झाले. काकू रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अहो, मला फसवून तुम्हाला काय मिळणार?" काका म्हणाले, "तुला वाटत होतं ना रोज, की आज येईल म्हणून." दुसऱ्या दिवसापासून मिसळणाच्या डब्यात मोहरी कुठे आणि मेथी कुठे याला काही धरबंद राहिला नाही, आणि वर्तकांकडच्या फोडण्या महिनाभर चुकत राहिल्या. काका "मत नाही" म्हणत राहिले.

सकाळी रस्ता झाडल्यावर पालापाचोळा जाळतात, त्याविरुद्ध काकांनी महापालिकेला वर्षानुवर्षं पत्रं लिहिली होती. म्हणजे ते सांगत आणि मी लिहीत असे. अशाच एका सकाळी मी दूध आणायला खाली उतरले, तर काका पायजमा-बनियनवर रस्त्याच्या कडेला पेटवलेल्या पाचोळ्यापाशी उभे. झाडणाऱ्या बाई हातातला झाडू सावरून भांडायच्या तयारीत. काका त्यांना म्हणाले, "बाई, विझवू नका. दोन मिनिटं राहू द्या." मग माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "ओला आंबा आहे," ते म्हणाले, "आणि कागद. मास्तरीणबाई, कागद जळतोय आणि मला कळतंय." मी दूध विसरून तिथेच उभी राहिले. मला रडू आलं हे कबूल करायला काही हरकत नाही.

सगळे वास एकदम आले नाहीत. आधी धूर आला, मग कॉफी, मग साबण. उदबत्ती बऱ्याच उशिरा, आणि ती त्यांना आवडली म्हणून काकूंना धक्काच बसला. पण मंडळींना सांगायचं नाही, असं काकांनी मला बजावलं होतं. खात्री नसताना मत द्यायचं नाही. असे सहा महिने गेले.

जानेवारीतल्या एका रविवारी कर्नल खुशीत आले. त्यांचा भाचा आदल्याच आठवड्यात इंग्लंडहून आला होता आणि त्याने धुरकट इंग्लिश तंबाखूचं पाकीट दिलं होतं. कर्नलनी घरी दोन दिवस ओढून पाहिला होता. बसल्या बसल्या त्यांनी मला लिहायला सांगितलं, की एक्सलंट. लटाकिया भरपूर आणि जुना मुरलेला, असा खोल धूर आजवर या गच्चीवर आलेला नाही. मी लिहिलं. तेवढ्यात कठड्यापासून आवाज आला, "मी बघू का?"

काकांनी त्या सकाळी मऊ भात खाल्ला होता हे मला काकूंकडून कळलं होतं. जिना चढताना ते मला म्हणाले होते, "आज हुंगणार आहे. चुकलो तर वही कर्नलना देऊन टाका. पुन्हा वर येणार नाही." त्यांच्या बोलण्यात नाटक नव्हतं. पाइप बंद, झुरके नाहीत. जे काय व्हायचं ते नुसत्या नाकावर.

बशी आली, वाटी आली. दहा मिनिटं थांबायचं होतं. कर्नल घड्याळ बघत होते. काकांनी कड उचलली, हुंगलं, नदीकडे पाहिलं. पुन्हा हुंगलं. मग सावकाश सांगू लागले, मी लिहू लागले. साखर नाही. वरून फासलेला सुगंध नाही. बुरशी नाही. व्हर्जिनियाचं पान आहे, पिवळं, तरुण. तुर्की पान आहे, थोडं. लटाकिया आहे, पण भरपूर नाही, चौथा हिस्सा म्हणा.

"वर्तक, मी दोन दिवस ओढलाय," कर्नल म्हणाले. "धूरच धूर आहे."

"धूर आहेच," काका म्हणाले. "पण दोन आहेत. एक पानातला. दुसरा पाकिटाला लागलेला."

कर्नलनी रुमाल काढला आणि पुन्हा ठेवला. पाकीट इंग्लंडहून सीलबंद आलं होतं, त्यांच्या देखत फोडलेलं नसलं तरी भाच्याच्या खिशातून थेट त्यांच्या हातात आलं होतं. दुसरा धूर लागणार कुठून? काका खुर्चीत मागे टेकले. एरवी ते इथे थांबले असते. पण त्या दिवशी त्यांना पुढे जायचं होतं, ते दिसतच होतं.

"गोवरी," ते म्हणाले. "शेणाची गोवरी आणि कोवळी ज्वारी. कर्नल, हा तंबाखू हुरडा खाऊन आलाय."

मंडळींत कुणाला हसू आवरेना. कर्नल हसले नाहीत. त्यांनी फोन काढला, भाच्याला लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा मधे ठेवला. भाचा झोपेतून उठलेला वाटला. कर्नलनी विचारलं, पाकीट मला देण्याआधी कुठे होतं?

"जॅकेटच्या खिशात होतं, मामा. का? अरे हां, सोमवारी सासवडकडे फार्मवर हुरडा पार्टी होती ना, तिथे फोडलं. दोघांनी ट्राय केला. शेकोटीपाशी ओपनच राहिलं होतं थोडा वेळ. खराब झाला का?"

कर्नलनी फोन बंद केला. मग कर्नल उठले, काकांपुढे गेले आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "वर्तक, तुम्ही परत आलात." एवढंच. मागाहून ते मला म्हणाले, माझं मत खोडा. काकांनी ते ऐकलं.

"खोडायचं नाही," काका म्हणाले. "चुकलेली मतं वहीत राहतात. माझीही आहेत. बाईंना विचारा, पहिल्याच वर्षी एक तंबाखू जुन्या चहाच्या पेटीत ठेवलेला होता, ते मी ओळखलं नव्हतं आणि पेटीचा वास तंबाखूचा म्हणून लिहून ठेवलाय." मग त्यांनी निकाल सांगितला. मूळ तंबाखू "ठीक". हुरड्यासकट "परत आणा". टाळ्या वाजल्या. मी आयुष्यात तंबाखूसाठी टाळ्या वाजवीन असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. खाली येऊन काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी देवापुढे उदबत्ती लावली, बारा वाजायच्या आतच, आणि काका काही म्हणाले नाहीत.

पुढच्या वर्षी आमची इमारत पुनर्विकासाला गेली. तीन वर्षांत नवी होईल म्हणाले, तोवर ज्याने त्याने आपली सोय बघायची. मी कात्रजला भाड्याने गेले. काका-काकूंना मेधा नाशिकला घेऊन जाणार होती. सगळ्यांत आधी तेच निघाले.

तो दिवस शेवटचा. सामान आधीच गेलं होतं. काका एका हाताने कठडा धरून जिना उतरत होते आणि मी पिशवी घेऊन मागे. प्रत्येक मजल्यावर ते थांबत. निरोप घ्यायला लोक दारात आलेले, कुणी वाकून नमस्कार करत होतं, पण काकांचं लक्ष नाकात. दुसऱ्या मजल्यावर म्हणाले, "यांच्याकडे पडवळ, आणि खोबरं खवट आहे." ज्यांचं खोबरं खवट होतं त्या बाई रडता रडता हसल्या. पहिल्या मजल्यावर जोशीबाई डोळे पुसत उभ्या होत्या. काका त्यांना म्हणाले, "जोशीबाई, दूध." त्या आत धावल्या आणि आतून पातेलं उतरवल्याचा आवाज आला.

गाडीत मेधाने एसी लावून काचा वर केल्या होत्या. काका मागच्या सीटवर काकूंशेजारी बसले आणि त्यांनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली घेतली. चौकापर्यंत सोडते म्हणून मेधाने मला शेजारी बसवलं आणि गाडी निघाली. रस्त्यावर बसचा धूर, गटाराचं काम चाललेलं, कोपऱ्यावर वडे तळत होते, कुठेतरी डांबर उकळत होतं. मेधा पुढून म्हणाली, "बाबा, काच लावा, किती घाण वास येतोय." काकांनी डोकं बाहेर काढलं, केस उडत होते, चेहरा उन्हात.

"राहू दे," ते म्हणाले. "येऊ दे सगळं."